विमानाची वाट आणि प्रवाशांच्या खिशातील लहरी

विमानाचे दरवाजे बंद झाले की प्रवाशांना एक सूचना न चुकता दिली जाते. आपापले भ्रमणध्वनी बंद करावेत, अथवा आता सर्वांच्या परिचयाचा झालेला 'फ्लाइट मोड' चालू करावा, अशी ती सूचना असते. बहुतेक प्रवासी ती पाळतात. काही जण अखेरचा निरोप धाडण्याच्या घाईत तिच्याकडे कानाडोळा करतात. काहींच्या मनात मात्र एक रास्त शंका असते. शेकडो माणसांना घेऊन आकाशात झेपावणारे एवढे अवाढव्य यंत्र तळहातावर मावणाऱ्या उपकरणामुळे वाट चुकेल, हे कसे संभवते? आणि ते खरोखरच संभवत असेल, तर अशी उपकरणे विमानात नेऊच का दिली जातात?

दोन्ही प्रश्न योग्य आहेत. त्यांची उत्तरे 'धोका मुळीच नाही' आणि 'धोका फार मोठा आहे' या दोन टोकांच्या मध्ये आहेत, आणि म्हणूनच ती नीट समजून घेण्याची आवश्यकता आहे. विमानप्रवास ही आता केवळ महानगरातील धनिकांची बाब राहिलेली नाही. 'उडान' योजनेतील पहिली विमाने दिनांक २७ एप्रिल २०१७ रोजी सुटली, त्यांत नांदेड-हैदराबाद ही सेवा होती. त्याच वर्षी शिर्डीचा, २०२१ मध्ये सिंधुदुर्गचा आणि डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ प्रवासी वाहतुकीसाठी खुला झाला. ज्यांनी कालपरवापर्यंत विमान केवळ आकाशात पाहिले होते, असे अनेक नागरिक आज त्यात बसतात. सूचनेमागील कारण ठाऊक असले, तर ती पाळणे ओझे वाटत नाही.

ढगांतील वाट

निरभ्र दिवशी वैमानिकाला खालची नदी, डोंगर, शहर आणि अखेर धावपट्टी डोळ्यांनी दिसते. परंतु आषाढातील एखाद्या सायंकाळी मुंबईवर काळे ढग उतरलेले असतात, तेव्हा विमानाच्या समोरच्या काचेतून पांढुरक्या धुक्यापलीकडे काहीही दिसत नाही. अशा वेळी वैमानिकाचे डोळे म्हणजे त्याच्या समोरील तबकड्या आणि पडदे. या तबकड्यांवरील अनेक काटे रेडिओ लहरींच्या आधाराने हलत असतात. जमिनीवरील केंद्रांतून आणि आकाशातील उपग्रहांतून त्या लहरी येतात. विमानाच्या बाह्यांगावर बसविलेले आकाशक, म्हणजेच अँटेना, त्या टिपतात आणि आतील यंत्रे त्यांचा अर्थ लावतात.

प्रत्येक कामासाठी लहरींचा एक ठरावीक पट्टा राखून ठेवलेला आहे. लहर एका सेकंदात किती वेळा कंप पावते, त्या संख्येला कंप्रता म्हणतात, आणि सेकंदाला दहा लक्ष कंपने म्हणजे एक मेगाहर्ट्‌झ. दिशा दाखविणारी जमिनीवरील केंद्रे १०८ ते ११८ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात काम करतात. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांचे संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात चालते. उतरताना विमानाचा उतार योग्य आहे की नाही हे सांगणारी लहर ३२९ ते ३३५ मेगाहर्ट्‌झच्या दरम्यान असते. उपग्रहाधिष्ठित स्थाननिश्चिती, म्हणजे जी.पी.एस., १५७५.४२ मेगाहर्ट्‌झवर येते, तर विमानाची जमिनीपासूनची उंची मोजणारे रेडिओ उंचीमापक ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्‌झवर चालते. हे पट्टे म्हणजे आकाशातील राखीव मार्गच होत. त्या मार्गांत अन्य कोणी, जाणून अथवा नकळत, शिरला की गोंधळ संभवतो.

दीपगृह आणि दोन सूर

यांपैकी दोन यंत्रणांचे कार्य पाहिले, तर पुढील विवेचन सोपे होईल.

पहिली यंत्रणा 'व्ही.ओ.आर.' या नावाने ओळखली जाते. कोकण किनाऱ्यावरील दीपगृहाची कल्पना करावी. त्याचा प्रकाशझोत गोल फिरत आहे आणि तो नेमका उत्तरेकडे वळला की त्याच क्षणी दुसरा एक दिवा सर्व दिशांना एकदम लुकलुकतो. समुद्रातील नाविकाने तो लुकलुकणारा दिवा पाहिल्यापासून झोत आपल्यापर्यंत येईतो किती वेळ लागला हे मोजले, तर आपण दीपगृहाच्या कोणत्या दिशेला आहोत हे त्याला कळेल. व्ही.ओ.आर. हे रेडिओ लहरींचे असेच दीपगृह आहे. त्याचा झोत सेकंदाला ३० वेळा फिरतो. विमानातील ग्राहक यंत्र दोन संकेतांतील अंतर मोजते आणि काटा योग्य अंशावर आणते. या मोजणीत एका अंशाची चूक झाली, तर केंद्रापासून ६० किलोमीटर अंतरावर विमान सुमारे एक किलोमीटर बाजूला सरकते. पाच अंशांची चूक झाली तर ते पाच किलोमीटरांहून अधिक भरकटते.

दुसरी यंत्रणा विमान उतरविण्याची, म्हणजे 'आय.एल.एस.'. धावपट्टीच्या टोकाजवळून दोन लहरी शेजारी शेजारी सोडलेल्या असतात. एकीवर ९० हर्ट्‌झचा सूर चढविलेला असतो, तर दुसरीवर १५० हर्ट्‌झचा. येणाऱ्या विमानाच्या दृष्टीने डावीकडे पहिला सूर प्रबळ असतो आणि उजवीकडे दुसरा. दोन्ही सूर समसमान ऐकू आले, म्हणजे विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवर आहे असे समजावे. उताराचेही तेच तंत्र आहे. हा उतार सामान्यतः तीन अंशांचा असतो. म्हणजे धावपट्टीपासून दहा किलोमीटरवर विमान जमिनीपासून सुमारे ५२० मीटर उंच असावयास हवे. या यंत्रणेच्या सर्वसाधारण प्रकारात वैमानिक काट्यांच्या भरवशावर २०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ६० मीटरपर्यंत खाली येऊ शकतो. तेथवर धावपट्टी अथवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर त्याला पुन्हा वर जावे लागते.

दोन्ही यंत्रणांत मोजायचा असतो तो सूक्ष्म फरक. तिसरी एखादी परकी लहर त्यात मिसळली, तर ग्राहक यंत्राची तुलना चुकू शकते.

प्रारंभ नभोवाणी संचापासून

या विषयाचा इतिहास भ्रमणध्वनीपासून सुरू होत नाही. त्याच्या कितीतरी आधी, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेत प्रवासी सोबत नेत असलेल्या छोट्या एफ.एम. नभोवाणी संचांमुळे व्ही.ओ.आर.चे काटे विचलित होत असल्याचे लक्षात आले. वरकरणी हे चमत्कारिक वाटते. नभोवाणी संच लहरी ग्रहण करतो, सोडीत नाही, अशी आपली समजूत असते. ती अपुरी आहे.

संचात आलेल्या लहरीवर सोयीने संस्कार करता यावेत, म्हणून तो संच आतल्या आत स्वतःची एक लहर निर्माण करतो. एफ.एम. संचात ही लहर प्रायः इच्छित केंद्राच्या कंप्रतेपेक्षा १०.७ मेगाहर्ट्‌झने अधिक ठेवलेली असते. प्रवाशाने ९८.३ मेगाहर्ट्‌झवरील केंद्र लावले, तर त्याच्या संचात १०९ मेगाहर्ट्‌झची लहर उत्पन्न होते, आणि १०९ मेगाहर्ट्‌झ ही तर थेट व्ही.ओ.आर.च्या राखीव पट्ट्यातील कंप्रता! ही लहर अत्यंत क्षीण असते, पण ती संचाबाहेर झिरपते, खिडकीवाटे बाहेर पडते आणि विमानाच्या आकाशकापर्यंत पोहोचू शकते. गाणे ऐकणाऱ्या प्रवाशाला याची गंधवार्ताही नसते.

मे १९६१ मध्ये अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने उड्डाणात असे एफ.एम. संच वापरण्यास मनाई केली. 'आर.टी.सी.ए.' या तांत्रिक संस्थेने १९६३ मध्ये या प्रश्नावरील पहिला अहवाल प्रसिद्ध केला. श्रवणयंत्रे, हृदयाचे ठोके नियमित ठेवणारी उपकरणे, विजेवर चालणारी दाढीची यंत्रे आणि ध्वनिमुद्रक यांना त्या देशाच्या नियमांत सूट देण्यात आली. आपल्याकडे १९३७ च्या विमान नियमांत नियम २९-ब अन्वये प्रवाशांच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांवर निर्बंध घालण्यात आले होते.

हेतुपूर्वक आणि नकळत

प्रवाशांजवळील उपकरणांतून निघणाऱ्या लहरींचे दोन वर्ग करता येतात.

पहिला वर्ग हेतुपूर्वक सोडलेल्या लहरींचा. भ्रमणध्वनी, वाय-फाय आणि ब्लूटूथ यांचे कामच लहरी सोडण्याचे आहे. त्यांचे पट्टे विमानाच्या राखीव पट्ट्यांहून वेगळे असतात. तरीही भ्रमणध्वनीचा एक स्वभाव येथे लक्षात घ्यावा लागतो. मनोरा जवळ असला तर तो हळू बोलतो, दूर असला तर ओरडतो. मनोऱ्यांचे आकाशक जमिनीवरील माणसांकडे रोखलेले असतात, आकाशाकडे नव्हे. त्यामुळे विमान वर चढू लागताच भ्रमणध्वनीला मनोरा क्षीण भासतो आणि तो आपली शक्ती वाढवीत जातो. दुसऱ्या पिढीचा भ्रमणध्वनी अशा वेळी ९०० मेगाहर्ट्‌झवर क्षणिक दोन वॅटपर्यंत शक्ती सोडू शकतो. शिवाय तो सेकंदाला सुमारे २१७ झटक्यांनी बोलतो. रेडिओजवळ भ्रमणध्वनी ठेवला असता फोन येण्याच्या आधी जी 'गुर्र-गुर्र' ऐकू येते, तिचे मूळ या झटक्यांत आहे. हीच गुरगुर वैमानिकाच्या कानावरील यंत्रात आली, तर नियंत्रकाने सांगितलेला एखादा आकडा अस्पष्ट ऐकू येण्याची शक्यता असते.

दुसरा वर्ग नकळत सुटणाऱ्या लहरींचा. संगणकाच्या अंतर्भागात घड्याळासारखा एक ठोका अखंड चालू असतो. त्या ठोक्याच्या दुप्पट, तिप्पट, दसपट कंप्रतेच्या लहरीही अल्प प्रमाणात उमटतात आणि त्यांतील एखादी दिशादर्शनाच्या पट्ट्यात पडू शकते. त्या अडविण्यासाठी उत्पादक उपकरणात धातूचे पातळ आवरण घालतात. उपकरण आपटून आवरण सैल झाले किंवा दुरुस्तीच्या वेळी ते काढून टाकले गेले, की गळती वाढते. दोन उपकरणे एकाच प्रकारची असली, तरी त्यांची वागणूक एकसारखी असेलच असे नाही.

एवढ्या क्षीण लहरींनी काय बिघडणार, असा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. त्याचे उत्तर अंतरात आहे. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कीर्तन चालले असावे आणि आपल्या कानाशी शेजारी कुजबुजत असावा, तर बुवांचा खडा आवाजही त्या कुजबुजीपुढे हरवतो. जी.पी.एस.चे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. त्यांचा संकेत आपल्यापर्यंत पोहोचतो तेव्हा त्याची शक्ती, एका वॅटला एकावर सोळा शून्ये असलेल्या संख्येने भागावे, एवढीच उरलेली असते. त्याच्या तुलनेत विमानातच असलेले उपकरण फार जवळ असते. विमानाचे धातूचे कवच लहरींना बऱ्याच अंशी अडविते, परंतु खिडक्या आणि दरवाजांच्या फटी त्यांना वाट देतात. काही लहरी प्रवाशांच्या पायाखालून आणि भिंतींमधून जाणाऱ्या तारांनाही स्पर्श करतात.

तक्रारी आणि चाचण्या

उपकरणांमुळे काटे विचलित झाल्याच्या वैमानिकांच्या तक्रारी गेल्या काही दशकांत अनेकदा नोंदविल्या गेल्या आहेत. त्यांतील दोन उदाहरणे बोइंग या विमान निर्मात्या कंपनीने स्वतः प्रसिद्ध केली आहेत. १९९५ मध्ये एका ७३७ विमानातील स्वयंचलित चालक एका प्रवाशाच्या लॅपटॉपमुळे वारंवार सुटत असल्याची तक्रार आली. कंपनीने तो संगणक प्रवाशाकडून विकत घेतला आणि प्रयोगशाळेत तपासला. काही पट्ट्यांत त्याच्या लहरी विमान-सामग्रीसाठी ठरविलेल्या मर्यादेहून अधिक आढळल्या. मग तोच संगणक, तेच विमान आणि तशीच परिस्थिती घेऊन दोन चाचणी उड्डाणे करण्यात आली. तो बिघाड मात्र पुन्हा घडला नाही. १९९८ मध्ये एका ७४७ विमानाने एका बाजूस किंचित कलून वळण घेण्यास सुरुवात केली. प्रवाशाजवळील छोटा संगणक बंद केल्यावर एका मिनिटाने ते मूळ मार्गावर आले. तो संगणक वैमानिक-कक्षात आणून पुन्हा चालू केला, तेव्हा दोष पुन्हा दिसला. बंद केला, तेव्हा नाहीसा झाला. तरीही त्याच नमुन्याचा दुसरा संगणक घेऊन केलेल्या चाचणीत काहीच निष्पन्न झाले नाही.

अशा घटना सिद्ध करणे कठीण का जाते, हे यावरून ध्यानात येईल. उपकरण कोणत्या आसनावर होते, कोणत्या दिशेला धरले होते, विमानातील एखादी तार किती जुनी होती, त्या क्षणी कोणते केंद्र लावलेले होते, या साऱ्या गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. त्या क्वचितच जुळतात, हे आपले सुदैव. परंतु याच कारणाने 'सिद्ध झाले नाही' याचा अर्थ 'घडणारच नाही' असा घेता येत नाही.

ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्या या दृष्टीने बोलक्या आहेत. प्रयोगशाळेत विमानातील काही उपकरणांवर भ्रमणध्वनीसारख्या लहरींचा मारा करण्यात आला. लहरींची तीव्रता, पूर्ण शक्तीने चालणारा भ्रमणध्वनी उपकरणापासून अथवा त्याच्या तारेपासून ३० सेंटिमीटरवर असता जेवढी होईल त्या पातळीपर्यंत गेली, तेव्हा होकायंत्र एका जागी थिजले अथवा खऱ्या दिशेपलीकडे गेले. व्ही.ओ.आर.च्या दर्शकात पाच अंशांपर्यंत चूक आढळली. उतरण्याच्या यंत्रणेची ग्रहणशक्ती मंदावली. यांतील सर्वांत चिंतेची बाब निराळीच होती. काही वेळा काटा चुकला, पण दोषाची सूचना देणारे चिन्ह वर आले नाही. यंत्र बंद पडले तर वैमानिक दुसऱ्याचा आधार घेतो. यंत्र शांतपणे चुकीचे सांगू लागले, तर त्याच्यावर विश्वास ठेवला जाण्याचा धोका असतो.

दिनांक ६ जून २००३ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च विमानतळाकडे उतरत असलेले एक लहान विमान रात्री धुक्यात धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीवर आदळले. त्यातील दहापैकी आठ जण मृत्युमुखी पडले. वैमानिकाचा स्वतःचा भ्रमणध्वनी त्या वेळी चालू होता, असे चौकशीत दिसून आले. त्यामुळे उताराच्या दर्शकात चूक झाली असण्याची शक्यता चौकशी आयोगाने नमूद केली. ती शक्यता म्हणून नमूद केली, निश्चित कारण म्हणून नव्हे. या दोहोंतील भेद ध्यानात ठेवणे न्यायाचे होईल. मात्र वैमानिकाच्या खिशातील उपकरण यंत्रांच्या सर्वांत निकट असते, हा धडा त्या घटनेने दिला.

निर्बंध शिथिल का झाले?

दिनांक ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेच्या प्रशासनाने उड्डाणाच्या सर्व टप्प्यांत उपकरणे वापरण्यास परवानगी देण्याचा मार्ग मोकळा केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युरोपातील संस्थेने आणि एप्रिल २०१४ मध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तसाच निर्णय घेतला. त्यावरून पूर्वीची भीती निराधार होती असा निष्कर्ष काही जणांनी काढला. तो बरोबर नाही. बदलले होते ते विमान.

नव्या विमानांच्या तारा, जोडण्या आणि यंत्रे बाहेरील तीव्र लहरींना तोंड देतील अशा रीतीने बांधली जाऊ लागली. प्रवाशांची उपकरणे चालू असतानाही विमान सुरक्षित आहे की नाही हे कसे तपासावे, याची पद्धत आर.टी.सी.ए.ने २००७ मध्ये निश्चित केली. लहरी विमानाच्या अंतर्भागात कशा पसरतात याचा अभ्यास करताना बोइंगच्या अभियंत्यांनी एक गमतीदार उपाय योजला. तासन् तास माणसांना बसवून ठेवण्याऐवजी त्यांनी आसनांवर बटाट्यांची पोती ठेवली! बटाट्यातील पाणी आणि क्षार यांमुळे तो मानवी देहासारख्याच रीतीने लहरी शोषून घेतो आणि परावर्तित करतो. या कामी सुमारे नऊ हजार किलो बटाटे लागले.

परवानगीचे खरे स्वरूप हे असे आहे. आपले विमान या लहरी सहन करू शकते हे दाखवून देण्याची जबाबदारी विमान कंपनीवर आहे. त्यामुळे एका विमानात चालते ते दुसऱ्यात चालेलच असे नाही. दाट धुके अथवा अत्यंत कमी दृश्यता असताना उतरण्याच्या वेळी सर्व उपकरणे पूर्णपणे बंद करण्याची सूचना कर्मचारी देऊ शकतात. ही सूचना क्वचितच दिली जाते; परंतु ज्या वेळी ती दिली जाते, नेमक्या त्याच वेळी वैमानिकाला काट्यांखेरीज दुसरा आधार नसतो.

भ्रमणध्वनीच्या जाळ्याशी संबंध तोडण्याचे आणखी एक कारण आहे. ते विमानाचे नसून जमिनीवरील दूरसंचाराचे आहे. दहा किलोमीटर उंचीवरील एका भ्रमणध्वनीला एकाच वेळी अनेक मनोरे दिसतात, आणि विमान ताशी आठशे किलोमीटरांहून अधिक वेगाने जात असल्याने तो क्षणाक्षणाला मनोरा बदलू पाहतो. याच कारणास्तव अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९९१ मध्ये आकाशातून भ्रमणध्वनी वापरण्यास बंदी केली होती. विमानातच एक छोटे केंद्र बसविले, तर भ्रमणध्वनीला ओरडण्याची गरज उरत नाही. अशा व्यवस्थेतून दिनांक २० मार्च २००८ रोजी दुबईहून कासाब्लांकाला जाणाऱ्या विमानातून प्रवाशाने अधिकृत दूरध्वनी केला. भारतात यासंबंधीचे नियम डिसेंबर २०१८ मध्ये करण्यात आले. २०२४ मधील दुरुस्तीनुसार, विमानात उपकरणे वापरण्यास अनुमती मिळाल्यानंतरच वाय-फायद्वारे इंटरनेट सेवा देता येते.

लॅपटॉप मात्र उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी बंद करून ठेवण्यास सांगितले जाते. त्याचा लहरींशी संबंध नाही. अचानक धक्का बसला, तर एवढी जड वस्तू उडून कोणास लागू नये आणि संकटकाळी बाहेर पडण्याची वाट अडू नये, एवढाच त्यामागील हेतू आहे.

जमिनीवरूनही सावधगिरी

लहरींचा हा संघर्ष विमानाच्या आतच घडतो असे नाही. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत पाचव्या पिढीची, म्हणजे फाइव्ह-जी दूरसंचार सेवा ३७०० ते ३९८० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात सुरू होणार होती. रेडिओ उंचीमापकाचा पट्टा ४२०० पासून सुरू होतो, म्हणजे दोहोंमध्ये अवघे २२० मेगाहर्ट्‌झचे अंतर. उंचीमापक चुकीची उंची दाखवील या शंकेने अनेक कंपन्यांनी उड्डाणे रद्द केली. दिनांक १९ जानेवारी रोजी एअर इंडियाने रद्द केलेल्या उड्डाणांत मुंबई-न्यूअर्क हे उड्डाणही होते. भारतात ही सेवा ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्‌झवर असल्याने येथील अंतर ५३० मेगाहर्ट्‌झ, म्हणजे दुपटीहून अधिक आहे. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २,१०० मीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत अशी केंद्रे न उभारण्याचे निर्देश दिले.

एका व्यक्तीचे छोटे उपकरण किती दूरवर उपद्रव देऊ शकते, याचे उदाहरणही न्यूअर्कचेच आहे. २०१२ मध्ये तेथील विमानतळावर उपग्रहांच्या साहाय्याने विमान उतरविण्याच्या यंत्रणेत वारंवार व्यत्यय येऊ लागला. शोध घेता तो एका मालमोटारीच्या चालकापर्यंत पोहोचला. आपण कोठे आहोत हे मालकाला कळू नये, म्हणून त्याने जी.पी.एस. संकेत दडपून टाकणारे उपकरण गाडीत लावले होते. त्याला ३१,८७५ डॉलर दंड ठोठावण्यात आला. अशी दडपणारी उपकरणे खासगी व्यक्तीने अनुज्ञेशिवाय बाळगणे आपल्या देशातही बेकायदेशीर आहे. भारताची स्वतःची 'गगन' ही यंत्रणा जी.पी.एस.च्या संकेतांतील चुका सुधारून विमानांना मार्ग दाखविते. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगड येथे तिच्या साहाय्याने प्रवासी विमान उतरविण्यात आले. उपग्रहांवरील हा भरवसा जसजसा वाढेल, तसतसे या क्षीण संकेतांचे रक्षण अधिक महत्त्वाचे ठरणार आहे.

प्रवाशांचे कर्तव्य

या साऱ्या विवेचनाचे तात्पर्य थोडक्यात असे. एका प्रवाशाचा भ्रमणध्वनी चुकून चालू राहिला म्हणून विमान कोसळत नाही. तसे असते तर ही उपकरणे प्रवाशांच्या हाती राहूच दिली गेली नसती. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रत्यक्ष उड्डाणांत मोजमाप केले, तेव्हा निर्बंध असतानाही प्रत्येक उड्डाणात सरासरी एक ते चार वेळा भ्रमणध्वनीचा वापर होत असल्याचे त्यांना आढळले होते. विमाने तरीही सुखरूप उतरली. परंतु विमान वाहतुकीची सुरक्षितता एका भिंतीवर उभी नसते. ती एकामागे एक उभ्या असलेल्या अनेक भिंतींवर उभी असते. यंत्रांची बांधणी ही एक भिंत, कंपनीने केलेली तपासणी ही दुसरी, वैमानिकाची दक्षता ही तिसरी आणि प्रवाशाने पाळलेली सूचना ही चौथी. पहिल्या तीन भिंती उभारण्याचे काम इतरांचे आहे. चौथी मात्र सर्वस्वी प्रवाशाच्या हाती आहे आणि ती उभारण्यास एक कळ दाबण्यापलीकडे काहीही खर्च येत नाही.

तेव्हा विमानात बसल्यावर भ्रमणध्वनी फ्लाइट मोडवर आणावा. जवळचा दुसरा संच सामानात चालू राहिलेला नाही ना, हे पाहावे. दुरुस्त केलेले अथवा आपटलेले उपकरण प्रवासात शक्यतो बंदच ठेवावे. कर्मचाऱ्यांनी सर्व उपकरणे पूर्ण बंद करण्यास सांगितले, तर वाद न घालता ती तत्काळ बंद करावीत. वयस्कर सहप्रवाशाला ही कळ कोठे आहे हे ठाऊक नसेल, तर त्याला साहाय्य करावे. वैमानिकाच्या समोरील काट्याला ढगांच्या पलीकडून येणारा क्षीण संकेत निर्वेध ऐकू यावा, यासाठी प्रवाशांना एवढेच करावयाचे आहे.